कडा न मुडपलेलं दुपटं

माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्या गावी, हट्ट्याला, माहेरी आली, तेव्हाच मी सांगून टाकलं की बाळंतविड्यातलं दुपटं मी करणार, आणि मशिनीवर करणार. मायनं तिचं हातानं शिवलेलं दुपटं आधीच ट्रंकेत घालून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कर की. पण वर कोणतं ठिवायचं ते म्या ठरवीन."

बारशाला बाळंतविडा मांडतात तेव्हा झबली, कुंच्या, टोपडी खाली आणि दुपटं सगळ्यात वर. येणारीजाणारी प्रत्येक बाई आधी त्यालाच हात लावते. बहिणीचं सासर सेनगावचं, आणि तिच्या सासूबाई कापड हातात घेतलं की पहिल्यांदा उलटं करून बघतात, हे लग्नातच कळलं होतं. मागून टाका वाकडा दिसला तर बोलणं माझ्या बहिणीला बसणार. त्यामुळं मायची धास्ती खोटी नव्हती. पण मीही हटणार नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वसमतला एसटीनं जाऊन-येऊन बीएस्सी केलं, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. शिकलेल्या पोरीला सुई धरता येत नाही, असं गल्लीत बोललं जायचं. ते मला खोटं पाडायचं होतं.

नक्षी मी हळदीच्या झाडाची घेतली. आमच्याकडं ती रोजच्या नजरेतली. लांब, निमुळती पानं, टोकाला अगदी सुईसारखी. खाली हळकुंडाचा पंजा. हिरवं कापड मायच्या विरलेल्या लुगड्याचं, पिवळं बहिणीच्या हळदीतल्या साडीचं. पांढऱ्या मऊ धोतरावर ही पानं बसवायची होती. त्यासाठी नांदेडहून एक जाळी आणली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, एका अंगाला कागद असलेली. कागदावर पान काढायचं, जाळी कापडाच्या पाठीला इस्त्रीनं चिकटवायची, मग रेघेवरून कात्री फिरवायची. कागद सोलला की पान धोतरावर ठेवून परत इस्त्री. पान जागच्या जागी बसतं. कडा मुडपायच्या नाहीत. कडेपासून ज्वारीच्या दाण्याएवढं आत धरून मशिनीचा टाका फिरवायचा, आणि तोच टाका वरचं कापड, मधला जुन्या साडीचा थर आणि खालचं अस्तर असं सगळं एकदम धरतो. हे मी फोनवर बघून शिकले, चिंध्यांवर करून बघितलं, मग लुगड्याला कात्री लावली.

बहीण बाळंत झाली, तशी शेजारची काकू रोज तिला शेक द्यायला यायची. तिनं ती पानं बघितली.

"अगं, हे काय? उंदरानं कुरतडल्यावानी कडा तशाच?"

"काकू, तशाच राहणार त्या."

"मुडपायला सुई दुखती का तुझी?"

मी तिला एक पान मुडपून दाखवलं. टोकाशी कापड तीनदा दुमडलं आणि तिथं गाठ आली. पान हळदीचं न राहता वडाचं दिसायला लागलं. "हे बाळाच्या गालाखाली टोचंल," मी म्हणाले. "आणि मशिनीची सुई मोडंल ते वेगळंच."

"टोचलं तर टोचलं. धागे तर निघणार न्हाईत," माय चुलीपासून म्हणाली. "पहिल्याच धुण्यात पानं निघून हातात येतील. मग आजोळचं नाव चांगलंच निघंल."

मी मशिनीवर बसले.

आणि सुरुवातच चुकीच्या जागेपासून केली. आमच्याकडं गोधडी कडेकडून भरतात. जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर तांबे, पाटे ठेवायचे, बायकांनी चारी बाजूंना बसायचं, आणि कडेला धरून टाक्यांच्या रांगा घालत आत आत यायचं. मधे सगळ्या भेटतात. मी लहानपणापासून असंच बघितलं, असंच शिवलं. कडेपासून सुरुवात करायची, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. पाय मारत मी चारी बाजूंनी सरळ रेघा घालत आत येत गेले. हातात गोधडी जागेवर असते आणि सुई फिरते. मशिनीत सुई जागेवर, कापड फिरतं, आणि मशिनीचा पाय वरचं कापड थोडं थोडं पुढं ढकलत नेतो. ते ढकललेलं सगळं कापड मधे गोळा झालं. पानांपाशी आले तेव्हा दुपट्याच्या मधोमध पुरी फुगावी तसा फुगा होता.

मी तो हातानं दाबून बघत होते. माय मागं येऊन उभी राहिली.

"अगं बया, दुपट्यालाच दिवस गेले की!"

बहीण बाजेवर लेकरू घेऊन हसायला लागली. "माय, हसवू नको गं, टाके दुखून राहिले."

"कितवा म्हैना हाय इचार तिला," काकू म्हणाली.

मला हसू येत नव्हतं. माय जवळ बसली, फुग्यावरून हात फिरवला आणि आवाज उतरवून म्हणाली, "राहू दे बाई आता. माझं हाय ना केलेलं. चार रोजावर बारसं आलंय. तुला नावं ठिवायला कुणी बसलं न्हाई."

मी ट्रंकेतलं तिचं दुपटं बघितलेलं होतं. बारीक, एकसारखा टाका. सुंदर होतं. ते वर ठेवलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मग माझ्या पानांचं काय? बहिणीची हळदीची साडी कापलेली होती, ती काही परत जुळणार नव्हती. मी ब्लेड घेतलं आणि रेघा उसवायला बसले. माय म्हणाली, "काहून हट्ट करून राहिली?" मी म्हणाले, "चूक कुठं झाली ते कळलंय. आता सोडणार न्हाई."

उसवलेलं सगळं पाणी मारून इस्त्रीनं सपाट केलं. थर परत एकावर एक घातले, आणि टाचण्या यावेळी मधून बाहेर लावत गेले. सुईखालचे मशिनीचे दाते कापड ओढतात म्हणून त्यांच्यावर जाड कागदाचा तुकडा चिकटवला. मशिनीचा नेहमीचा पाय काढून स्प्रिंगवाला रफूचा पाय लावला, तो कापड दाबून धरत नाही, नुसता नाचतो. मग कापड दोन्ही तळव्यांनी आपल्याला हवं तिकडं फिरवता येतं. आपला पाय सारख्या गतीनं मारायचा आणि हात सावकाश. हात घाईत गेला तर टाका लांब होतो, पाय घाईत गेला तर टाके एकावर एक चढतात. मधल्या पानापासून सुरुवात केली. कडेच्या आतून एक फेरी, आणि तिच्याच शेजारून दुसरी. टोकाशी आले की थांबायचं, सुई खाली ठेवायची, कापड वळवायचं, मग पुढं. मग पानांच्या भोवती पाण्यातल्या वलयासारख्या रेघा, बाहेर बाहेर. कडेच्या सरळ रेघा सगळ्यात शेवटी. आधी मधे गोळा झालेलं जास्तीचं कापड यावेळी आपोआप कडेकडं निघून गेलं.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुपटं मायच्या हातात दिलं. ती म्हणाली, "धुतल्याबिगर म्या न्हाई ठिवणार वर."

"धू."

"हळू न्हाई धुणार."

"हळू धूच नको. सेनगावला कोण हळू धुणार हाय?"

तिनं ते नळाजवळच्या दगडावर टाकलं. साबण लावला आणि धोपाटण्यानं असं बडवलं की काकू भिंतीवरून डोकावली. "मारती का काय त्याला?" मी ओट्यावर उभी राहून बघत होते. मधे पडले नाही. पिळून तिनं ते कुंपणावर वाळत घातलं आणि घरात निघून गेली.

वाळल्यावर आम्ही दोघींनी मिळूनच बघितलं. पानांच्या कडांना धाग्यांची बारीक लव आली होती. टाक्यापर्यंत येऊन ती थांबली होती. एकही पान सुटलं नव्हतं. मायनं एका टोकाला नख लावलं, खरवडलं. दुसऱ्याला लावलं. सगळ्यांना लावलं. मग दुपटं माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "इस्त्री कर. चुरगळलेलं कुणी मांडतं का?"

बारशाच्या दिवशी सेनगावची जीप दुपारी आली. बहिणीच्या सासूबाईंनी पाणीसुद्धा नंतर घेतलं, आधी बाळंतविड्यापाशी आल्या. सगळ्यात वर ठेवलेलं माझं दुपटं उचललं. उलटं केलं. मागं पांढऱ्या अस्तरावर नुसत्या हिरव्या धाग्याची पानं उमटली होती, देठासकट. त्यांनी बोट फिरवलं, परत सुलटं केलं.

"कडा काहून तशाच ठिवल्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय बोलली. "मुडपलं की टोक बोथट व्हतं, विहीणबाई. अन् लेकराला टोचतं."

"निघंल की हे धुण्यात."

"दगडावर बडवून बघितलंय म्या सोता. मशिनीवर केलंय, धाकटीनं. बीएस्सी हाय ती."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग नातवाला घेतलं, दुपट्यात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. आणि लेकरानं तिथंच ओलं केलं, पानांवरून, हळकुंडांवरून, त्यांच्या नव्या लुगड्यापर्यंत.

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागली. मायनं मात्र तोंड सरळ ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमीच धुऊन बघा."