ताईच्या पसंतीची खोली

आमची ताई हॉटेलात पाहुणी म्हणून कधी राहिलीच नव्हती. आयुष्यभर तिने हॉटेलातच दुसऱ्यांच्या खोल्या आवरल्या, पलंग लावले, बाथरूम घासल्या. अशा बाईवर हॉटेल निवडायचं काम सोपवणं म्हणजे विकतचं दुखणं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

निमित्त होतं भाचीच्या फुटबॉल सामन्याचं. पोरगी गोलकीपर. मोठ्या संघातून पहिल्यांदाच उतरणार होती, तेही परक्या शहरात. सामने नेहमी सुट्टीच्या दिवशी आणि सुट्टीतच हॉटेलं भरलेली, त्यामुळे ताईने लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. यंदा ती निवृत्त झाली, तशी भाचीने दोन तिकिटं तिच्या हातात ठेवली. "आई, या वेळी कारणं नकोत. मैदानात उतरले की तू मला दिसली पाहिजेस."

तेव्हापासून ताईच्या जिवाला चैन नाही. उठता-बसता फोनवर हॉटेलांचे फोटो मोठे करून कोपरे तपासायची.

"अगं, स्टेडियमजवळचं कुठलंही घे ना!" मी वैतागले.

"फोटोत उशी छानच दिसते गं. उशीखाली काय आहे, ते कुठे दाखवतात?"

शेवटी आम्ही दोघी खोली न ठरवताच निघालो, कारण बाईसाहेब डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार देणार नव्हत्या. शहर सामन्याच्या गर्दीने गच्च भरलेलं. पहिल्या हॉटेलात तिने गादीचा कोपरा उचलला आणि तडक बाहेर पडली. दुसऱ्यात टॉवेल हुंगला. तिसऱ्यात ग्लास उजेडात धरून म्हणाली, "हा वापरलेल्या टॉवेलने पुसलाय." माझ्या पायांचे तुकडे पडले होते. चौथ्याच्या दारात मी बॅग आपटली. "ताई, आता पायरीवर झोपावं लागलं तरी मी हलणार नाही!"

हॉटेल स्टेडियमच्या अगदी पाठीमागे होतं. ताईने पलंग उसकटून पुन्हा लावला, तिकिटं जपून उशीच्या अभ्र्यात सरकवली आणि तरी खिडकी ते दार येरझाऱ्या घालत राहिली.

"मी दिसलेच नाही तिला, तर?"

"दिसशील गं, माझे आई!"

सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते, तो पलंग उघडेबोडके. हात स्वस्थ बसेनात म्हणून ताईने सवयीने चादरी-अभ्रे काढून, गाठोडं करून दाराबाहेरच्या, धुण्याच्या कपड्यांच्या ढकलगाडीत टाकलं होतं. तेवढीच कामाच्या बाईला मदत! बाहेर जेवून आलो, निघायची वेळ झाली, ताईने उशीकडे हात नेला आणि ती ओरडली, "अगं, तिकिटं अभ्र्यात!"

तळघरात कपडे धुतात तिथे ती माझ्याआधी पोचली. "पाहुण्यांनी इथे यायचं नसतं," मशीनजवळची बाई म्हणाली. "मी पाहुणी नाही," म्हणत ताईने ओल्या ढिगात कोपरापर्यंत हात घातले. अभ्र्यातून कागदाचा लगदा निघाला.

भाचीचा फोन बंद. तिकिटं संपलेली. स्टेडियमच्या फाटकावरचा माणूस ऐकूनच घेईना. ताई फुटपाथवर मटकन बसली. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं.

हॉटेलात परतलो, तर ती मशीनवाली बाई जिन्याशी उभी. "तुमचं कोण खेळतंय?"

"लेक," ताई म्हणाली.

बाईने कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि आम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, चादरी ठेवायच्या खोलीत नेलं. तिथल्या खिडकीतून मैदानाचं एक टोक दिसत होतं, आणि एकच गोल.

मध्यंतरापर्यंत त्या गोलात भलतीच पोरगी. ताई उठत होती, बसत होती, मला चिमटे काढत होती. मग बाजू बदलल्या. हातमोजे घट्ट करत भाची आमच्या दिशेने चालत आली, पण मान सारखी प्रेक्षकांकडे, आमच्या रिकाम्या खुर्च्यांकडे. ताईने हाका मारल्या. त्या गोंगाटात कुठल्या ऐकू जाणार!

तिने ढिगातली चादर ओढली आणि खिडकीबाहेर झटकली. पलंगावर घालताना झटकायची तश्शीच: उजवीकडे, डावीकडे, मग फाडकन सरळ. लहानपणी शाळा सुटल्यावर भाची हॉटेलात तिच्यामागे खोल्याखोल्यांतून हिंडायची आणि त्या चादरीखालून पळायची.

पोरगी थबकली. वर बघितलं. हातमोजा घातलेला हात उंच केला आणि गोलात जाऊन उभी राहिली.

"दिसले गं मी तिला," म्हणत ताई चादरींच्या ढिगावर टेकली. मांडीवरच्या चादरीची घडी घालायचं तिला सामना संपेपर्यंत सुचलं नाही.