चार घंटे मागणारा धर्मपाल

धर्मपाल गजभियेबद्दल उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत काय बोललं जातं ते मला माहीत आहे. त्याच्या कामचुकारपणामुळे मिल अकरा दिवस बंद पडली, असं. त्याच रोलिंग मिलच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं केमिस्ट होते. त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते लिहून टाकते.

त्याचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, मूळचे भंडाऱ्याकडचे. हा आयटीआय करून मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची कोणाची छाती होईना. याने लावला आणि ते काम याच्या गळ्यात पडलं. एकाचे तेवीस झाले, तरी हजेरीपटावर तो शेवटपर्यंत इलेक्ट्रिशियनच राहिला. उरल्याची काळी धूळ अशी, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं. हा रंगकामाचा जुना ब्रश घेऊन की-बोर्ड झाडत फिरायचा. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने तारीख लिहायचा. हा कॉम्प्युटर शेवटचा कधी अपडेट केला, ती तारीख.

"हे कोणी सांगितलं तुला?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही मॅडम. मी भुलून जातो ना."

अपडेटचं प्रकरण समजायला अवघड नाही. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये भोकं असतात, ती मागाहून सापडतात. बनवणारी कंपनी ती बुजवायला दुरुस्ती पाठवते. ती बसवायची तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. नाही बसवली, तर त्याच भोकातून चोर आत येतो. संपलं. पण आमची मिल तिन्ही पाळ्यांत चालायची. भट्टी, ट्रकांचा वजनकाटा, माझी लॅब, असे अकरा कॉम्प्युटर कधी बंदच व्हायचे नाहीत. ऑफिसातले बारा तो जेवणाच्या सुट्टीत उरकायचा. या अकरांसाठी त्याला वर्षातून एकच दिवस मिळायचा, सतरा सप्टेंबर. विश्वकर्मा पूजेचा.

त्या दिवशी सगळी मिल थांबते. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, बुंदी. मग दुसऱ्या सकाळपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. धर्मपाल बौद्ध. पूजेच्या वेळी मागे शांत उभा राहायचा, द्रोणातली बुंदी घ्यायचा, आणि लोक जेवायला बसले की अकराही कॉम्प्युटर एकेक करून अपडेट करायचा. माळ हलकेच बाजूला, काम झालं की परत जागच्या जागी. तेरा वर्षं हे चाललं. कोणी हूं की चूं केलं नाही.

चौदाव्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीसला, पूजेच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्याचा प्रोग्रॅम उघडेना. दुरुस्ती त्याला मानवली नव्हती. जुन्याची कॉपी काढून ठेवली नव्हती, ही चूक धर्मपालचीच, आणि त्याने ती तिथल्या तिथे कबूल केली. दुपारपर्यंत त्याने तो चालू केला. पण तोवर गेटबाहेर ट्रकांची रांग लागली होती आणि गंगाधर फोरमन चहाच्या टपरीपाशी हातवारे करत होता.

"पूजा की मशीन को छेड़ेगा तो यही होगा!"

"उसको क्या," दुसरा कोणी म्हणाला, "वो तो मानता नहीं."

दोघंतिघं हसले. धर्मपाल चार पावलांवर होता. मीही होते. मी ब्राह्मणपाऱ्यातली, ब्राह्मणांच्या जुन्या वस्तीतली, लॅबच्या यंत्राला दरवर्षी कुंकू मीच लावायची. मी एक वाक्य बोलले असते तर तिथल्या तिथे विषय मिटला असता. मी चहा प्यायले.

पुढच्या वर्षापासून मॅनेजर शिशिर साहेबांनी हुकूम काढला. पूजेच्या दिवशी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. माणूस नागपूरचा, इंजिनियर, वाईट नव्हे. त्याला कटकट नको होती, एवढंच. मी लॅबचे रिपोर्ट घेऊन त्याच्या केबिनमध्ये बसले असताना धर्मपाल आला.

"साहेब, पूजेचा दिवस नाही तर नाही. महिन्यातून एक रविवार द्या. चार घंटे."

"चार घंटे मिल बंद? तुले काही समजते का गजभिये?"

"भट्टी गरम राहू द्या साहेब. फक्त रोलिंग थांबवा. लई भोकं पडून राहिली आहेत."

"अरे, आपल्या लोखंडाच्या मिलमध्ये कोण येते चोरी कराले? पाहू. नंतर पाहू."

त्या मिलमध्ये सगळं तोंडीच चालायचं. अर्ज कोणी लिहीत नसे. लिहिणारा भांडखोर ठरायचा. वर्षअखेरीस मी निवृत्त झाले, अडुसष्टाव्या वर्षी. पुढचं मला त्याच्या घरून कळत गेलं. धर्मपाल मागतच राहिला. मग त्याची मुलगी मोनाली त्याला म्हणाली, "पापा, व्हॉट्सअॅप पे डालो, रेकॉर्ड रहेगा." त्याने घातलं: 'साहेब, येत्या रविवारी अपडेटसाठी ४ घंटे पाहिजे.' साहेबांनी अंगठा पाठवला.

रविवारी हा डबा घेऊन हजर. रोलिंग धडधडत चालू. पाळीच्या इन्चार्जने सांगितलं, मला कोणी काही कळवलं नाही. याने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "अरे, मी पाहिलं म्हणून अंगठा टाकला होता. परमिशन कोणी दिली तुले?" दोन महिन्यांनी याने पुन्हा लिहिलं. पुन्हा अंगठा. या वेळी तो गेला नाही. त्याला कळलं होतं त्या अंगठ्याचा अर्थ काय ते.

मागच्या फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, कोणीतरी बिल समजून एक ईमेल उघडला. तासाभरात सगळे पडदे लाल. फायली कुलूपबंद, आणि सोडवायच्या असतील तर पैसे टाका. ज्या भोकातून चोर शिरला ते बुजवायची दुरुस्ती दीड वर्षापूर्वीच आली होती. ऑफिसातले बारा कॉम्प्युटर दोन दिवसांत उभे राहिले. हे अकरा मेले. माझ्या लॅबची एकतीस वर्षांची नोंद त्यांच्याबरोबर गेली.

विम्याच्या कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. कमी बोलणारा, चष्मेवाला. त्याने अकरा पडद्यांच्या कोपऱ्यांचे फोटो काढले. प्रत्येक पट्टीवर तीच तारीख, १७-९-२२, धर्मपालच्या स्वच्छ अक्षरात. मग त्याने व्हॉट्सअॅप पाहिलं. मागणी आहे. अंगठा आहे. एकदा नाही, दोनदा. त्याने लिहिलं: परवानगी दिलेली असूनही कर्मचाऱ्याने काम केले नाही.

"सर, अंगठा म्हणजे हो नाही," धर्मपाल म्हणाला.

"तो क्या होता है?"

मिलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं काय होतं ते. गंगाधर खाली पाहत होता. इन्चार्ज सुट्टीवर गेला होता. शिशिर साहेबांनी याला बाजूला घेतलं. "रिपोर्टवर सही करून टाक. फाइल बंद झाल्याशिवाय मिल सुरू होत नाही. तीनशे ठेक्याचे मजूर घरी बसून आहेत, त्यांचा विचार कर."

त्याने तो केला. संध्याकाळी त्याची बायको सत्यभामा हिचा मला फोन आला. मी ओरडले, "सही करू नको म्हणावं त्याला!" ती म्हणाली, "दुपारीच केली ना ताई." आठवड्याने त्याला काढलं. इन्चार्जला नाही, गंगाधरला नाही, साहेबांना तर नाहीच. उरल्यात तीन ठिकाणी तो काम मागायला गेला. तिघांनाही आधीच कळलेलं. आता पंडरीच्या कापडबाजारात एका साडीवाल्याकडे दिवसभर बारकोडच्या चिठ्ठ्या छापतो, साड्यांना चिकटवतो. वय बावन्न.

गेल्या महिन्यात लॅबमधल्या सोनियाने मला नमुन्यांचं काही अडलं म्हणून मिलमध्ये बोलावलं. धर्मपालच्या जागी इंद्रजीत नावाचा तरुण आलाय, ऑफिसरच्या हुद्द्यावर. त्याच्याकडून कळलं, आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रोलिंग आठ घंटे बंद असतं. विम्याची अट आहे. मागावं लागत नाही.

मी पंडरीला गेले आणि धर्मपालला हे सांगून टाकलं. पोटात ठेवायला मला जमत नाही. सांगितल्यावर वाटलं, नसतं सांगितलं तर बरं होतं. तो चिठ्ठी सरळ चिकटवत राहिला.

"आठ," तो म्हणाला. मग पुढची चिठ्ठी उचलत, "वजनकाट्याची कॉपी काढते का तो पहिले?"

"मला काय ठाऊक!"

"नाही काढली तर फसन, मॅडम. तो प्रोग्रॅम लई जुना आहे."

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने लिहून दिलं: कुठला कॉम्प्युटर आधी, कुठला शेवटी, कॉपी कशी काढायची, उलटलं तर काय करायचं. पाठपोट भरून. दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून उरल्याला गेले आणि इंद्रजीतच्या हातात ते दिलं.

"किसने भेजा, मॅडम?"

"धर्मपाल गजभिये."

"अच्छा, वो?" तो हसला. "जिसने मिल डुबोई?"

या वेळी मी बोलले. सगळं बोलले, पूजेपासून अंगठ्यापर्यंत, आवाज चढवून. शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून पाहायला लागले. तो मोठ्या आदराने "हव मॅडम, हव मॅडम" करत राहिला. माझं संपल्यावर त्याने पुठ्ठा खणात टाकला, त्यावर नजरही न टाकता, आणि मला पाणी विचारलं.

संध्याकाळी धर्मपालचा फोन आला. "देला का मॅडम?"

"दिला."

"वाचलं त्यानं?"

"माझ्यासमोर वाचलं," मी म्हटलं. "दोनदा."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.