घरमालकीणबाई

मुंगी हे नाव आम्हीच ठेवलेलं. लाकडाच्या ठोकळ्यावर ती इतकं बारीक कोरायची, की बघणाऱ्याचेच डोळे दुखावेत. छाप काढायच्या दिवशी कोपरापर्यंत शाई. आम्ही पाचजणी, सगळ्या कलाकार, सगळ्या आपला देश सोडून इथे परदेशात आलेल्या, आणि एकमेकींच्या घरच्यांना थापा मारण्यात सगळ्याच पटाईत.

मुंगी आणि आमच्यातली चित्रकारीण एकोणीस वर्षं एका घरात, एका अंथरुणात राहिल्या. चित्रकारणीच्या आईला कळवायचं काय? शक्कल माझी. मी मातीची भांडी घडवते, पण थापा त्याहून सुबक. 'तुमची लेक एका भल्या घरमालकीणबाईंकडे खोली घेऊन राहते,' असं पहिलं पत्र मी लिहिलं. पुढे दर दोन-चार महिन्यांनी एक: बाई फार कडक आहेत, पुरुषाला दारात उभं करत नाहीत. लिहिताना आमची हसून पुरेवाट व्हायची. म्हातारी तिकडून बाईंना आशीर्वाद पाठवायची.

गेल्या महिन्यात चित्रकारणीला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. इस्पितळाने रक्ताचं माणूस मागितलं, म्हणून धाकटा भाऊ आला. माणूस वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. पत्रातल्या घरमालकीणबाई त्या ह्याच, असं समजून त्याने मुंगीपुढे हात जोडले.

"तुम्ही ताईला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलंत. आता मी तिला घरी नेतो. आई वाट बघतेय."

मी मुंगीला बाजूला ओढलं. "सांग त्याला. आत्ता नाही बोललीस तर ती गेलीच म्हणून समज."

"कुठल्या तोंडाने सांगू? एकोणीस वर्षांची पत्रं आहेत त्यांच्याकडे, तुझ्याच अक्षरातली. मला वेड लागलंय म्हणेल. आणि खरं वाटलंच, तर तिकडे तिचे हाल होतील. तिला पाणी हवंय हेसुद्धा सांगता येत नाही गं."

तरी मी भावाकडे वळले, तर मुंगीने माझा दंड घट्ट धरला. मी मूग गिळून गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

गाडी दारात लागली. स्ट्रेचर उचलताना चित्रकारणीने चालत्या हाताने मुंगीची बाही पकडली. सोडेचना. भाऊ ओशाळला. एकेक बोट हळुवार सोडवत तो म्हणाला, "ताई, सोड बरं. घरमालकीणबाईंना त्यांची कामं असतील."

"हो, आहेत कामं," मुंगी म्हणाली, आणि शेवटचं बोट तिने स्वतःच सोडवलं.