सुनंदाचा जबाब

सांगलीहून सकाळच्या एसटीनं निघाले तेव्हाच डोकं तापलेलं होतं. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आदल्या दिवशी माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून एका आईचा फोन आला होता. "बाई, माझ्या सुनंदाला बोलता, आयकता येत न्हाई. शेजारच्यानं तिच्या अंगावर हात टाकला. पोलिसात दोनदा गेलो. म्हणत्यात, मुकीचा जबाब कसा लिवायचा? तुमी येता का?"

विट्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता. पुढं रान उघडं पडत गेलं. माणात शिरल्यावर नुसते माळ आणि मेंढरं. फाट्यावर उतरून वस्तीकडे चालताना चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट अनवाणीच तुडवली.

आईनं आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढं ठेवलं. सुनंदा पंचविशीची, मेंढरं राखणारी. मी खुणांनी विचारलं, तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या पोरीच्या खुणा तिच्या स्वतःच्या होत्या. तोऱ्यात आलेल्या माझा तोरा उतरला. मग आईनं एकेक खूण उलगडून सांगितली.

दुपारी वडापनं (प्रवासी जीपनं) आम्ही तिघी पोलीस ठाण्यात पोचलो.

"कशाला पोरीची अब्रू काढताय? मिटवून घ्या," साहेब म्हणाले.

"जबाब तिच्या घरी येऊन घ्यायचा असतो, साहेब. दुभाषी बसवून, चित्रीकरण करून. कायदा आहे तसा."

"पण तिला काय कळतंय?"

सुनंदा त्यांचा चेहरा वाचत होती. ती उठली. भुवईवर बोट ओढलं. आई म्हणाली, "भुवईवर वण हाय, त्यो शेजारी." सुनंदानं स्वतःचं तोंड दाबून दाखवलं, मग आपल्याच उजव्या पंजात दात रोवले.

दाराशी उभी असलेली महिला पोलीस हळूच म्हणाली, "साहेब, भुवईवर वण असलेला तो परवा सरपंचांबरोबर इथं आला होता, तुमच्यासमोर खुर्चीत बसला होता. उजव्या हाताला पट्टी होती."

साहेबांनी मान खाली घातली आणि कागद मागवला. महिला पोलिसानं चित्रीकरण केलं. दिवस मावळायच्या आत तक्रार नोंदली गेली, त्याला आणायला गाडीही गेली.

रात्र वस्तीवरच काढली. सकाळी मला एसटीत बसवून देताना आई म्हणाली, "लय उपकार झालं, बाई. मागं दोन्ही येळंला आमाला भायेर उनातच हुबं केलं हुतं."

गाडी सुटली. उपकार कसले? सुनंदानं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं. पण सांगलीहून कुणी बाई येईपर्यंत तिला आत घ्यायचीही कुणाला गरज वाटली नाही. सरपंचांबरोबर आलेल्या त्या शेजाऱ्याला मात्र त्यांनी बसायला खुर्ची दिली होती.