गावाबाहेर टाकलेले उंदीर

माझा धंदा जुन्या बारदान्याचा. सानगडीच्या बाजारातून आणि आसपासच्या खेड्यांतून मी फाटकी पोती घेतो, शिवतो आणि धान निघालं की राइस मिलला विकतो. सुरुवात सायकलवर केली. कोणाच्या बापाची मदत घेतली नाही, आणि समोरच्यानं सांगितलेला भाव आजवर एकदाही मान्य केला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जी माझी फसवणूक झाली ती माझ्यासारख्याची झाली.

घरासाठी जागा घेतली ती गावाच्या अगदी टोकाला. विकणारे एक म्हातारे शेतकरी, मी त्यांना काकाजी म्हणतो. दुसऱ्याच खेपेला ते माझ्या भावावर उतरले. इतक्या लवकर उतरणारा माणूस काहीतरी लपवत असतो. पोत्यांच्या बाबतीत हे मला कळतं, जमिनीच्या बाबतीत कळलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं की म्हातारा भोळा आहे.

मग मिस्त्रीचाही भाव पाडला. तो म्हणाला, ‘‘मंग मांगच्या भिंतीले बाहेरून प्लास्टर नाही होत.’’ मी म्हटलं, मागची भिंत कोण पाहतो? त्या भिंतीच्या आतल्या अंगाला माझी पोत्यांची खोली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबत निघते. मारबत म्हणजे तणसाची, धानाच्या पेंढ्याची, बाहुली. पहाटे ती घ्यायची, घराघरातून पळसाच्या फांद्या, झिजलेले झाडू, फुटक्या टोपल्या गोळा करायच्या, सगळं गावच्या शिवेवर, म्हणजे हद्दीवर, नेऊन टाकायचं, आणि ओरडायचं की रोगराई, ढेकूण, माशा, उंदीर घेऊन जाय गे मारबत. मी मूळचा बपेऱ्याकडचा. तिथली शीव मला माहीत होती, इथली नव्हती. नव्या घरातल्या पहिल्या पोळ्याला मी चहाचा कप घेऊन मागच्या बाजूला उभा राहिलो आणि माणसं येताना पाहिली. बरं वाटलं. ती आली, माझ्या भिंतीपासून दोन हातांवर शिवेचा एक शेंदूर लावलेला दगड होता तिथं थांबली, ओरडली, आणि सगळा ढीग माझ्या भिंतीला टेकवून निघून गेली. जाताना मागं वळून पाहायचं नसतं. कोणी पाहिलं नाही.

धान निघाल्यावर मिलचा माणूस माल पाहायला आला. त्यानं वरचं एक पोतं उचलून उजेडाकडं धरलं आणि त्यातून माझ्याकडं पाहिलं.

‘‘भाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘तुमी दिसून राहिले.’’

दुसरं उचललं. त्यातूनही मी दिसत होतो. तो शांतपणे म्हणाला की पुढच्या हंगामात असा माल निघाला तर मिल गोंदियाकडून बारदाना घेईल. तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि काहीतरी तोड निघाली असती. शांत माणसाशी घासाघीस करता येत नाही.

मी ढीग उपसला. खाली उंदरांची घरटी होती, आणि ती माझ्याच पोत्यांच्या सुतळीची होती. बायको दारात उभी राहून पाहत होती.

‘‘अजी, सारं गाव म्हणते उंदीर घेऊन जाय. त ते कुठंतरी जातीनच ना.’’

उन्हाळ्यात त्याच मिस्त्रीला बोलावलं. विटांच्या सांध्यांत करंगळी जाईल अशा फटी होत्या; करंगळी जाते तिथं उंदीर जातो. त्याशिवाय बांधकामाच्या वेळी पायाडाच्या लाकडी बल्ल्या अडकवायला सोडलेली सात भोकं उघडीच होती. ती का बुजवली नाहीत, म्हणून मी आवाज चढवला.

‘‘भोकं बुजवाचे पैसेही तुमीच त कमी केले,’’ मिस्त्री म्हणाला आणि तंबाखू मळत बसला.

आधी खोली रिकामी केली, आतले उंदीर हाकलले, मग भोकांत लोखंडी जाळी कोंबून वरून काचेचा चुरा घातलेलं सिमेंट भरलं. मोरीच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली, दाराच्या तळाला पत्रा ठोकला, जोत्यापासून छातीएवढं प्लास्टर केलं. मृगाच्या आधी काम संपलं. पण पोळा यायचाच होता. भिंतीला टेकलेला ढीग म्हणजे उंदरांना फुकटचा मुक्काम, आणि मुक्काम मिळाला की ते नवी वाट शोधतात. मी काकाजींकडं गेलो. मारबत धरून दरवर्षी तेच पुढं चालतात.

‘‘काकाजी, शीव दाखवली नाही तुमी मले जागा विकताना.’’

‘‘तू विचारलं काय?’’

‘‘ढीग तिकडं नाल्यापलीकडं टाका.’’

‘‘काहून? शीव तुह्यापाशी आली नाही बापा, तूच शिवेपाशी आला.’’

मी म्हटलं, दहा हात पुढं. ते म्हणाले, दगड हलत नाही. मी म्हटलं, निदान उंदरांचं नाव घेऊ नका. ते म्हणाले, नाव न घेता कोणी जाते काय? मी खूप तापलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझं बोलणं संपायची वाट पाहिली.

‘‘पाह्य,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘जो मारबत धरते तो जेथं टाकते तेथं ती पडते. मह्ये गुडघे गेले आता. तू धर. नाल्यापलीकडं ने नाहीतर मध्य प्रदेशात ने. पण मंग दरसाल तुलेच धरा लागन.’’

मी लगेच हो म्हटलं. पहिल्याच खेपेला. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तणसाची बाहुली धरून गावाच्या पुढं चाललो. लाज वाटत होती म्हणून मोठ्यानं ओरडलो. मागून कोणीतरी बाई म्हणाली, ‘‘हा पोत्याचा भाव करते तवाही असाच बोंबलते. मारबत काय, आपणही पळून जाऊ.’’ लोक हसले. मी दगड ओलांडला, माझं घर ओलांडलं, नाला ओलांडला आणि सगळं पलीकडच्या पडीक जमिनीत टाकलं. मागं वळून पाहिलं नाही, पण भिंतीजवळ कोणी काही ठेवून तर गेलं नाही ना, हे येताना नीट तपासलं.

दिवाळीनंतर मिलचा माणूस आला. एक एक पोतं उजेडाकडं धरत गेला. शेवटचं खाली ठेवून म्हणाला, ‘‘आज नाही दिसले तुमी.’’ सगळा माल गेला.

पुढच्या बाजारी काकाजी चहाच्या टपरीवर बसले होते. चार माणसांना सांगत होते की यंदा मारबत बरोबर वाहिली, म्हणून ह्याच्या घरचे उंदीर गेले. ते ऐकून माझं डोकं सणकलं. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून घरामागं आणलं आणि भोकं, जाळी, पत्रा, प्लास्टर सगळं दाखवलं. त्यांनी भिंतीवरून सावकाश हात फिरवला.

‘‘पक्कं काम हाय,’’ ते म्हणाले. ‘‘हे पयलेच केलं असतं त तुले मारबत कायले धरा लागली असती?’’

मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी धरत नाही.

‘‘शब्द देल्ला हाय तू,’’ ते म्हणाले.

शब्द मी फिरवत नाही. नाहीतर बारदान्याच्या धंद्यात मला कोणी उभं करणार नाही. यंदाही मारबत मीच धरणार, म्हणून पोळ्याच्या संध्याकाळीच लोकांनी पळसाच्या फांद्या माझ्याच अंगणात आणून टाकल्या. मी त्या भिंतीपासून दहा हात लांब ठेवायला लावल्या. हात माझे मोजले, काकाजींचे नाही. त्यांचे आखूड आहेत.