दिगंबरकाकांचं वजन

दिगंबरकाकांकडे कोणीही गेलं की ते आधी त्याला नखशिखांत न्याहाळत आणि विचारत, "वजन किती तुमचं?" अमरावतीहून बदली होऊन मी अकोल्यात आले, शेजारी म्हणून त्यांना पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा हा प्रश्न ऐकून चांगलीच खट्टू झाले. मी उत्तर देण्याआधीच काकांनी दिवाणाकडे बोट दाखवलं. "बसा, बसा. जरा जोर लावून बसा." बसले, तर दिवाण माझ्यासकट हळूहळू खाली जायला लागला! मी किंचाळले. वरच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, "आलं वो पाणी! कोण आलं?"

दिवाणाच्या पोटात जाड रबराची पिशवी होती. अंगणातल्या चौथऱ्यावरच्या ड्रममधून, पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेतून, ती आपोआप भरायची. वर कोणी बसलं की पिशवी दाबली जायची आणि पाणी नळीतून भिंत चढून थेट काकूंच्या मोरीत पडायचं. एका बैठकीत जेमतेम बादलीभर.

काकूंची नजर काचबिंदूनं गेलेली. वरचं स्वयंपाकघर त्यांच्या हाताला पाठ होतं. खाली आणलं असतं तर त्या आपल्याच घरात परक्या झाल्या असत्या. मोटर होती, पण उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसे. एकदा वीज नसताना काकू कळशी घेऊन जिना उतरायला गेल्या आणि पडल्या. त्यानंतर काकांनी पंपवाल्याचं डोकं खाऊन हे प्रकरण उभं केलं.

काका भिक्षुकी करायचे. देह सत्यनारायणाच्या पंगतींवर पोसलेला. रोज सकाळी दिवाणावर बसून रुद्र म्हणत आणि वरून "उठा, भरली" अशी हाक आली की उठत. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं तर म्हणाले, "मी बारीक झालो तर पाणी कोण चढवन? यजमानायचं तूप वाया नाही जाऊन राहिलं, नळाले जाऊन राहिलं!"

पण मधुमेहानं त्यांना खरंच पोखरलं. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. मला त्यांनी बजावलं, "हिले सांगजा नोका. कळलं तर कळशी घेऊन पुन्हा जिना उतरन." आणि मांडीवर पाटा-वरवंटा घेऊन ते दिवाणावर बसायला लागले. मला ते बघवत नसे.

काका जायच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. सकाळी मेथीची जुडी द्यायला मी वर गेले होते. खालून धापांमध्ये तुटणारा रुद्र ऐकू येत होता. नळाची धार सुतासारखी. काकूंचा हात बादलीत होता, पाण्याचा अंदाज घेत. पाणी अर्ध्यावरही नव्हतं आणि त्यांनी हाक दिली, "उठा आता, भरली!"

"काकू, अजून तर..." मी म्हणाले. त्यांनी ओल्या हातानं माझं तोंड दाबलं.

"हळू बोल, पोरी. रोज वाढते मी त्यायले. पोळ्या किती उरतेत, हात किती वाळला, मले काय समजत नाही? माणूस खाली जीव देऊन राहिला. त्यायले वाटू दे, पुरून राहिलं म्हणून."

खालून काकांचा दमलेला, पण खूश आवाज आला, "पाह्यलं? अजून वजन आहे माह्यात!"

"आहे ना वो!" काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि ओरडून सांगितलं, "सांडून राहिली बादली!"