विश्वासदादाचं व्हाय-व्हाय

विश्वासदादाला कुठलाही शब्द सुखासुखी वापरता येत नसे. पंगतीत कुणी "मला शुगर आहे" म्हणालं की त्याचा घास हातातच थांबायचा. "शुगर आली कुठून?" पाहुणा बिचारा सांगायचा, "वडलांना होती." दादाला मात्र अरबी, फारसी ओलांडून शर्करेपर्यंत पोचायचं असायचं.

आकुर्डीच्या कारखान्यात तो क्वालिटीला होता. तिथं पार्ट बिघडला की 'का, का' विचारत मुळापर्यंत जायचं, त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. रिटायर झाल्यावर पार्ट संपले आणि दादा शब्दांवर घसरला. हत्यारं दोनच: एक जाडजूड कोश आणि विहारातल्या वर्गात शिकलेली पाली. मी त्याचा मावसभाऊ. माझं इंग्रजी ओटीपी वाचण्यापुरतं, म्हणून हक्काचा श्रोता.

आमच्या आया सख्ख्या बहिणी. त्या होत्या तोवर रविवारी त्याचं घर नाहीतर माझं, हे ठरलेलं. पाठोपाठ दोघी गेल्या, मी पुनावळ्याला फ्लॅट घेतला आणि येणंजाणं फोनवर आलं. पुढे फोनही सणावारी. माझ्या मुलीनं साखरपुड्यात सासरच्यांना दादाची ओळख करून दिली, "हे बाबांचे कझिन."

दादा हसला, पण जेवताना म्हणाला, "चुलत, मामे, आते, सगळे एकाच ट्रेमध्ये? आया गेल्या तर आपण एवढेच उरलो का रे?"

"जाऊ दे ना दादा, नवी पोरं आहेत."

"जाऊ दे म्हणूनच माल रिजेक्ट होतो, राव."

पुढच्या रविवारी सकाळीच तो स्कूटरवरून दारात. हेल्मेटसकट सुरू झाला. "सुरेश, सापडलं. इंग्रजीनं कझिन घेतला फ्रेंचकडून, फ्रेंचनं लॅटिनकडून. आणि लॅटिनमध्ये मूळ अर्थ काय, तर मावसभाऊ. दुसरा कुणी नाही."

"त्यांना काय माहीत आपली मावशी?"

"ऐक तर. त्या शब्दात लॅटिनमधली बहीण बसलीय, सोरोर. तिची सख्खी संस्कृतात, स्वसृ. मातृष्वसा म्हणजे आईची बहीण. पालीत मातुच्छा, आपल्याकडे झिजून मावशी. म्हणजे कझिनमध्ये बहीण, मावशीतही बहीण. बाकीचं झिजलं, ती राहिली."

मग त्यानं हेल्मेट काढलं. डोळे पाणावलेले. मी उठून चहा टाकला. माझं सगळं न सुचणं असंच आल्याच्या चहावर निभावतं. त्या दिवसापासून आमचा रविवार पुन्हा सुरू झाला.

यंदा उन्हाळ्यात दादा गेला. हॉस्पिटलात सिस्टरनं विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"मावसभाऊ."

"म्हणजे कझिन ना?"

"हो," मी म्हणालो, "बरोबर तेच."

बाहेर आलो आणि खिशातून फोन काढला. सिस्टर अगदी अचूक बोलली, हे दादाला सांगायचं होतं. नाव शोधून बोट त्यावर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.